हॉर्नचा अर्थविचार : गोरेगावातील वाहनध्वनीची एक चिकित्सा

१

शब्दाबाहेरील ध्वनिसंकेतांकडे भाषेचा अभ्यासक क्वचितच वळतो. देवळातील घंटा, गिरणीचा भोंगा, पहारेकऱ्याची शिटी ही सारी अर्थवाहक साधने होत. त्यांचा उल्लेख झालाच तर तो लोकजीवनाच्या वर्णनात, ओझरता होतो. मोटारीच्या हॉर्नची चर्चा पुष्कळ होते, परंतु ती उपद्रव म्हणून; आरोग्य, कायदा किंवा नागरी शिस्त यांच्या संदर्भात. तो उपद्रव आहे यात शंका नाही. तथापि जो ध्वनी असंख्य माणसे दिवसभर एकमेकांना उद्देशून काढतात आणि जो ऐकून असंख्य माणसे आपली पावले बदलतात, त्याला नुसता गोंगाट म्हणून भागणार नाही. तो एक व्यवहार आहे. व्यवहार म्हटला की अर्थ आला, रूढी आली, आणि कोणाचा तरी लाभ व कोणाची तरी हानीही आली. हॉर्नच्या अर्थाची घडण कशी झाली आहे आणि त्या घडणीत कोणत्या पक्षाची गैरसोय होते, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील गोरेगाव हे स्थळ सोयीचे आहे. येथे तीन भिन्न प्रकृतींचे रस्ते जवळजवळ आढळतात. पूर्वी घोडबंदर रस्ता या नावाने ओळखला जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग हा रेल्वेच्या पश्चिमेस बाजारपेठेतून जातो. पूर्वेस पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे. आणि त्याच्याही पूर्वेस, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीतून मरोळ व पवईकडे जाणारा झाडीतला वळणावळणाचा रस्ता आहे. शिवाय रिक्षांना मुंबई शहरात मज्जाव असून उपनगरांत मुभा आहे. त्यामुळे मोटार, बस, ट्रक, दुचाकी व रिक्षा अशा सर्व वाहनांचे हॉर्न येथे एकाच वेळी ऐकू येतात. एकच ध्वनी तीन प्रकारच्या रस्त्यांवर कसकसा वागतो, हे पाहण्याची ही चांगली संधी होय.

२

प्रथम शब्दाचा विचार करणे युक्त ठरेल. 'हॉर्न' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ शिंग. मराठीत शिंग, तुतारी, कर्णा ही फुंकवाद्यांची नावे पूर्वापार आहेत आणि ती मिरवणुकीशी, स्वारीशी, आगमनाच्या वर्दीशी जोडलेली आहेत. तरीही मोटारीच्या उपकरणास यांपैकी एकही नाव चिकटले नाही. 'भोंगा' हा शब्द गिरणीकडे गेला. मोटारीसाठी परका शब्दच रूढ झाला.

नाम परके राहिले असले तरी त्याच्या जोडीला येणारी क्रियापदे मात्र मराठीने आपल्या संग्रहातून दिली, आणि ती उद्बोधक आहेत. 'हॉर्न वाजविणे', 'हॉर्न मारणे' व 'हॉर्न देणे' असे तीन प्रयोग प्रचलित आहेत. यांतील 'वाजविणे' हा पाटीवरचा प्रयोग होय. 'वळणावर हॉर्न वाजवा', 'हॉर्न वाजवू नका' अशा सूचनांत तो असतो. त्यात केवळ क्रियेचा निर्देश आहे, ऐकणारा नाही. 'मारणे' हा बोलण्यातला प्रयोग. 'हाक मारणे', 'शिटी मारणे', 'डोळा मारणे', 'टोमणा मारणे' यांच्या पंक्तीत तो बसतो. येथे 'मारणे' याचा अर्थ प्रहार असा नसून दुसऱ्याच्या दिशेने काहीतरी टाकणे असा आहे. ते त्याला हवे होते की नाही, हा प्रश्न या क्रियापदात उद्भवत नाही.

'देणे' हा तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. 'इशारा देणे', 'साद देणे' आणि मुंबईच्या बोलीतील 'आवाज देणे' यांच्याशी त्याचे नाते आहे. देण्याच्या क्रियेला घेणारा लागतो, आणि ज्याने घेतले त्याच्यावर काही बंधन येते. 'एवढा हॉर्न दिला तरी हलला नाही' हे वाक्य मुंबईच्या कोणत्याही रस्त्यावर ऐकू येईल. त्यातील 'तरी' हे अव्यय लक्षात घेण्याजोगे आहे. हॉर्न देणाऱ्याने आपला भाग पुरा केला. पुढचा भाग ऐकणाऱ्याचा होता आणि त्याने तो केला नाही, असा आरोप त्या एका अव्ययात सामावलेला आहे. हॉर्नच्या आजच्या अर्थाचे बीज येथे सापडते.

३

हॉर्नची सामग्री अत्यंत तुटपुंजी आहे. त्याला एकच सूर असतो. वाजविणाऱ्याच्या हाती तीनच गोष्टी राहतात: ध्वनीची लांबी, त्याची संख्या आणि दोन ध्वनींमधील अंतर. एवढ्या सामग्रीवरही निश्चित अर्थांचा संकेत उभारता येतो, हे जहाजांच्या उदाहरणावरून दिसते. समुद्रावरील आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजाचा एक आखूड भोंगा म्हणजे ते उजवीकडे वळत आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे यंत्र उलट दिशेने चालू आहे, आणि पाच किंवा अधिक म्हणजे दुसऱ्या जहाजाच्या हेतूबद्दल शंका आहे. मुंबईच्या बसमध्ये वाहकाची एक घंटी म्हणजे थांबा व दोन म्हणजे चला, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना पाठ आहे. या दोन्ही ठिकाणी ध्वनीला वाच्यार्थ आहे. काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अभिधा आहे.

मोटारीच्या हॉर्नला असा ठरलेला वाच्यार्थ नाही. 'मी येथे आहे' एवढाच त्याचा किमान अर्थ मानता येईल; बाकी सारे प्रसंगावर सोपविलेले असते. गोरेगाव स्थानकाबाहेर रिकाम्या रिक्षाचा आखूड हॉर्न म्हणजे उतारूला विचारणा. शाळेच्या बसने इमारतीखाली वाजविलेला हॉर्न म्हणजे मुलाला खाली पाठविण्याची सूचना. सिग्नल हिरवा होताच मागून आलेला हॉर्न म्हणजे पुढच्याची झोपमोड. ओळखीच्या वाहनाला पाहून दिलेले दोन तुटक ध्वनी म्हणजे नमस्कार. गृहनिर्माण संस्थेच्या बंद फाटकासमोरचा हॉर्न म्हणजे पहारेकऱ्याने उठावे व फाटक उघडावे.

मम्मटाने काव्यप्रकाशात व्यंजनेच्या विवेचनात जे उदाहरण घेतले आहे त्याचे येथे स्मरण होते. सूर्य मावळला, एवढेच कोणी म्हणाले तरी गुराख्याला त्यातून गुरे वळविण्याची, दुकानदाराला माल आवरण्याची आणि अभिसारिकेला निघण्याची वेळ झाल्याचे कळते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्थळ कोणते, काळ कोणता, प्रसंग कोणता, यांवरून व्यंग्यार्थ ठरतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. हॉर्नला हे प्रतिपादन जसेच्या तसे लागू पडते. फरक एवढाच की काव्यातील वाक्याला आधाराला वाच्यार्थ तरी असतो. हॉर्नला तोही जवळजवळ नाही. म्हणून त्याचा अर्थ लावण्याचा सारा भार ऐकणाऱ्यावर पडतो. काव्याच्या बाबतीत हा भार आनंददायक असतो, कारण सहृदय वाचकाला सवड असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला अर्थ लावण्यासाठी निमिषाचाही अवधी नसतो, आणि चुकीचा अर्थ लावल्यास त्याची किंमत जिवाने मोजावी लागण्याचा संभव असतो.

वरील उदाहरणांत आणखी एक भेद दडलेला आहे. फाटकासमोर हॉर्न वाजविणारा गृहस्थ पायी आला असता पहारेकऱ्याला काका, दादा किंवा निदान 'अहो' असे काही संबोधन वापरील. मराठीत माणसाला हाक मारताना नाते किंवा आदर यांपैकी एकाची निवड करावीच लागते. हॉर्न त्या निवडीतून मोकळीक देतो. हाकेतील व्यक्ती वगळून केवळ आज्ञा शिल्लक ठेवण्याची ही सोय आहे. तिचा उपयोग ज्यांच्यावर होतो ते बहुधा पहारेकरी, हातगाडीवाले व पादचारी असतात, हा योगायोग मानता येत नाही.

४

हॉर्नविषयी भारतात सर्वाधिक वाचला गेलेला मजकूर कोणता, असा प्रश्न केल्यास ट्रकच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' हे तीन शब्द पुढे येतील. व्याकरणदृष्ट्या ते वाक्य नव्हे. परंतु त्याचा आशय स्पष्ट आहे. पुढे जावयाचे असल्यास हॉर्न द्या, अशी ती मागच्या वाहनास विनंती आहे. एकपदरी अरुंद महामार्ग, मालाने लादलेला मंदगती ट्रक आणि मागचे नीट न दिसणारा चालक या परिस्थितीत ती विनंती सार्थ होती. तेथे हॉर्न हा परवानगी मागण्याचा प्रकार होता. मागच्याने विचारावयाचे, पुढच्याने हात दाखवून वा बाजू देऊन उत्तर द्यावयाचे, आणि मगच ओलांडावयाचे. प्रश्न व उत्तर अशी त्याची रीतसर रचना होती. आरेच्या वळणांवर किंवा कोणत्याही घाटात आजही हॉर्न हे काम चोख बजावतो. समोरून येणारे वाहन दिसत नाही आणि डोळ्याचे काम कानाला करावे लागते.

हीच सवय बाजारपेठेच्या रस्त्यावर आली तेव्हा तिच्यातून उत्तराचा भाग गळून पडला. स्वामी विवेकानंद मार्गावर समोरचे सारे स्पष्ट दिसत असते. पुढे बस उभी आहे, तिच्यापुढे रिक्षा आहे, तिच्यापुढे हातगाडी आहे, आणि पदपथावर जागा नसल्याने माणसे रस्त्यावरून चालत आहेत. येथे हॉर्न कोणतीही नवी माहिती देत नाही. परवानगी मागण्याचेही त्याला प्रयोजन नाही, कारण ती देण्याची शक्ती कोणातच नाही. राहते ती केवळ मागणी: वाट मोकळी करा.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या परिवहन खात्याने व्यापारी वाहनांवरील या तीन शब्दांना बंदी केली. हे शब्द विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन देतात, अशी त्यामागील भूमिका होती. ती समजण्याजोगी असली तरी अर्थदृष्ट्या अपुरी आहे. त्या तीन शब्दांतील शेवटचा शब्द विनंतीचा होता, आणि हॉर्न हा संवादाचा अर्धा भाग आहे ही जाणीव त्यात शाबूत होती. निषेध करावयाचा तो उत्तराची वाट न पाहणाऱ्या हॉर्नचा; परंतु त्याला उद्देशून कोणताही मजकूर कोणत्याही वाहनाच्या पाठीवर नव्हता, आणि म्हणून पुसण्यासारखेही काही नव्हते.

५

हॉर्नच्या अतिरेकाची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक, आपल्या लोकांत नागरिकत्वाची जाणीव नाही. दोन, मुंबईची दाटीच अशी आहे की दुसरा उपाय नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे एका परिचित उदाहरणासमोर टिकत नाहीत.

सकाळच्या लोकलच्या डब्यात रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक दाटी असते. तेथेही पुढे सरकावयाचे असते, वाट काढावयाची असते, आणि चुकल्यास आपले स्थानक निघून जाण्याची धास्ती असते. त्यासाठी मुंबईकराने एक प्रश्न रूढ केला आहे. 'गोरेगावला उतरणार का?' असे पुढच्याला विचारले जाते. तो 'हो' म्हणाल्यास त्याच्या मागे राहावयाचे, 'नाही' म्हणाल्यास दोघांनी जागा बदलावयाची. हा संकेत कोणत्याही नियमपुस्तकात नाही, आणि तो मोडल्याबद्दल दंडही नाही. तरीही तो पाळला जातो. तीच माणसे, त्याच शहरात, त्याहून मोठ्या दाटीत विचारून वाट काढतात; स्थानकाबाहेर येऊन दुचाकीवर बसली की तीच हॉर्न मारून वाट काढतात. दोष स्वभावाचा असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. कारण दाटी असते, तर डब्यातही आरडाओरडा झाला असता.

भेद आहे तो साधनांच्या समानतेत. डब्यातील दोघांनाही तोंड आहे, दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसतो, आणि प्रश्नाला लागलीच उत्तर मिळते. रस्त्यावर एकाजवळ हॉर्न आहे, दुसऱ्याजवळ काही नाही. पादचाऱ्याला हॉर्न नसतो. त्याला प्रत्युत्तर देता येत नाही, खुलासा मागता येत नाही, 'थांबा, हातात मूल आहे' असे सांगता येत नाही. त्याच्या वाट्याला केवळ आज्ञापालन येते. हमाल किंवा हातगाडीवाला गर्दीतून जाताना 'बाजू, बाजू' असे ओरडतो, तेव्हा निदान त्याच्या आवाजात त्याचे ओझे ऐकू येते आणि ऐकणाऱ्यालाही दोन शब्द उलट बोलता येतात. पालखीपुढे चोपदार ललकारी देत असे, तिला मात्र उत्तराची अपेक्षा नव्हती. बाजारपेठेतील हॉर्न हमालाच्या हाकेपेक्षा या ललकारीला अधिक जवळचा आहे.

यातून जबाबदारीचे एक सूक्ष्म स्थलांतर घडते. इशारा म्हणून वाजविलेल्या हॉर्नमध्ये चालक स्वतःची जबाबदारी पार पाडीत असतो. वळणावर वाजविणारा त्याच वेळी वेगही कमी करतो. मागणी म्हणून वाजविलेल्या हॉर्नमध्ये तो आपली जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवितो. हॉर्न दिला, आता हलणे त्याचे काम. असा हिशेब मनात झाल्यावर पाय वेग कमी करण्याकडे वळत नाही. म्हणजे सावधगिरीसाठी दिलेले साधन असावधपणाची सबब बनते. हॉर्नच्या प्रश्नातील खरे गांभीर्य येथे आहे. कानाला होणारा त्रास मोठा आहे. परंतु रस्त्यावर कोणी कोणासाठी थांबावे, या मूलभूत प्रश्नाचे उत्तर हॉर्न परस्पर देऊन टाकतो, ही हानी त्याहून मोठी आहे.

६

कायद्याची दृष्टी या बाबतीत दुहेरी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी विभागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि शांतता क्षेत्रासाठी अनुक्रमे ५० व ४० डेसिबल अशी सरासरी मर्यादा घातली आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. २०१० च्या दुरुस्तीने शांतता क्षेत्रात, तसेच रात्री निवासी भागात, सार्वजनिक आणीबाणीखेरीज हॉर्न वाजविण्यास मनाई केली. येथे हॉर्न ही एक राशी आहे. तिचे मोजमाप होते, अर्थ पाहिला जात नाही. याउलट मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेले कलम १९४-फ हे विनाकारण, सतत, किंवा सुरक्षिततेच्या गरजेपेक्षा अधिक हॉर्न वाजविणाऱ्यास प्रथम १००० व पुन्हा घडल्यास २००० रुपये दंड सांगते. 'गरजेपेक्षा अधिक' या शब्दांनी अर्थाचा प्रश्न कायद्यात आणला आहे. ही दिशा योग्य होय. परंतु गरज कोणती हे ठरविण्याचे काम चौकातील पोलिसावर पडते, आणि ते त्याला ध्वनिमापकाने करता येत नाही.

गेल्या काही वर्षांत दोन कल्पक उपाय पुढे आले. त्यांची परीक्षा येथे उपयुक्त ठरेल. मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात काही चौकांतील सिग्नलला ध्वनिमापक जोडला होता. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. या प्रयोगाचे कौतुक विनोदी शिक्षा म्हणून झाले. त्याचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. लाल दिव्यासमोर वाजणारा हॉर्न कोणालाच उद्देशून नसतो, निदान उत्तर देऊ शकेल अशा कोणाला उद्देशून नसतो. या प्रयोगाने त्याला प्रथमच एक श्रोता दिला, आणि त्या श्रोत्याने उत्तर दिले. गळून पडलेला संवादाचा दुसरा भाग अशा रीतीने क्षणभर जागेवर आला. त्याची उणीवही उघड आहे. मापक बेरीज ऐकतो, माणूस ऐकत नाही. एकाच्या हॉर्नसाठी गप्प बसलेल्या दहांना थांबावे लागते. शिवाय गोरेगावच्या बाजारातील हॉर्न बहुतांशी सिग्नलपासून दूर, पादचाऱ्यांच्या पाठीमागे वाजतो. तेथे हा उपाय पोहोचत नाही.

दुसरा उपाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिक येथे सुचविला. हॉर्नसाठी बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी अशा वाद्यांचेच स्वर वापरावेत, असा कायदा करण्याचा त्यांचा मानस होता. कर्कशतेवर हा उतारा ठरू शकेल. परंतु त्यात ध्वनीचे रूप बदलते, प्रयोजन तसेच राहते. बासरीच्या सुरात दिलेली आज्ञा आज्ञाच असते. आणि ज्या सुरांना कानाने विसाव्याशी जोडले आहे ते सतत मागणीसाठी वापरल्यास, हॉर्न मधुर होण्याऐवजी बासरी त्रासदायक वाटू लागण्याची भीती अधिक.

परदेशांतील व अन्य प्रांतांतील अनुभव या चर्चेस पूरक आहे. पॅरिसमध्ये १९५४ साली हॉर्नवर बंदी आली. काठमांडूच्या खोऱ्यात एप्रिल २०१७ पासून अनावश्यक हॉर्नला मनाई झाली. मिझोरमची राजधानी ऐजॉल येथील रस्ते अरुंद व चढउताराचे असूनही वाहने एकामागे एक रांगेत उभी राहतात आणि हॉर्न क्वचितच ऐकू येतो, याचा बोलबाला आहे. तेथे वाट कोणाची हे रांगेने आधीच ठरविलेले असते. वाटेचा क्रम जेथे रांगेने, पदपथाने किंवा ओलांडणीच्या पट्ट्यांनी निश्चित केला आहे, तेथे हॉर्नला सांगण्यासारखे फारसे उरत नाही. जेथे तो अनिश्चित ठेवला आहे, तेथे दर क्षणी तो हॉर्नने ठरवावा लागतो.

७

सार्वजनिक ध्वनी हा मुळातच त्याज्य असतो, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे मात्र चुकीचे होईल. त्याला गोरेगावचाच पुरावा आहे. पाण्यासाठी लढा देऊन 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणाल गोरे या गोरेगावच्या. १९७२ मध्ये त्यांनी अहिल्या रांगणेकर व इतर कार्यकर्त्यांसह महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त चळवळ उभारली, आणि त्या चळवळीत हजारो स्त्रियांनी लाटण्यांनी रिकाम्या थाळ्या वाजविल्या. तोही कानठळ्या बसविणारा आवाज होता आणि त्यालाही शब्द नव्हते. परंतु रिकामी थाळी स्वतःच आपला अर्थ सांगत होती. तो कोणाला उद्देशून आहे हे स्पष्ट होते. आणि तो दुर्बळांनी सबळांना उद्देशून केलेला होता. उत्तर मिळेपर्यंत वाजवीत राहणे हे त्याचे प्रयोजन होते.

हॉर्नची तुलना या थाळीशी करता तीन गोष्टी उघड होतात. त्याचा अर्थ निश्चित नाही. त्याचा श्रोता बहुधा तो असतो ज्याला उत्तर देता येत नाही. आणि त्याची दिशा सबळाकडून दुर्बळाकडे असते. म्हणून हॉर्नची सुधारणा डेसिबल कमी करण्यापुरती मर्यादित ठेवून चालणार नाही. वळणावरचा व अंध कोपऱ्यावरचा इशारा हा त्याचा मूळ आणि न्याय्य अर्थ तेवढा राखावा, आणि बाकीचे अर्थ ज्यांच्या अभावी निर्माण झाले त्या गोष्टी पुरवाव्यात: बाजारातून मोकळा पदपथ, ओलांडण्याची निश्चित जागा, बसला थांबण्यास कडेची जागा, आणि फाटकावर हाक मारण्याएवढी सवड. यांतील पहिल्या तीन महापालिकेकडे मागता येतील. चौथी ज्याची त्यानेच द्यावयाची आहे, आणि लोकलच्या डब्यात ती देण्याची सवय या शहराला आधीच आहे.